उघडा राहिलेला पाट

आपल्या कोल्हापूर भागात पाण्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. राधानगरीचे पाणी भोगावतीतून खाली येते, बंधाऱ्यावर अडते, पाटाने शिवारात शिरते आणि उसाच्या सरीला लागते. दारे धरणारा माणूस खोऱ्याने एक दारे बांधतो, दुसरे मोडतो. बांधायचे दारे बांधायचे राहून गेले, तर एका सरीत पाणी तुंबून ऊस पिवळा पडतो आणि पुढची जमीन तहानलेली राहते. पाणी तेच, पाटही तोच. पण दारे चुकले की पीक गेले.

माणसाच्या शरीरातही असेच एक दारे आहे. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा ते उघडे असावे लागते, आणि बाळ जन्मले की दोन-तीन दिवसांत ते बंद व्हावे लागते. ज्या मुलाचे ते बंद होत नाही, त्याला धाप लागते. या दाऱ्याची, आणि रक्तवाहिन्यांच्या अशाच आणखी काही जन्मजात दोषांची हकीकत तुम्हांला सांगायची आहे. हकीकत वैद्यकाच्या इतिहासातली असली, तरी तिच्यातले मोठे काम घरातल्या माणसांकडे आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंकडे येते. ते कसे, हे शेवटी पाहू.

लहान मूल धापू लागले की आपल्याकडे त्याला नावे पुष्कळ. कुणी म्हणते, डबा झाला. कुणी म्हणते, छाती भरली. कुणाच्या मते बाळाला नजर लागली, तर कुणाच्या मते आईने ग्रहणात काहीतरी चिरले. पोर जरा मोठे झाले की ‘दमेकरी’ म्हणून त्याच्यावर शिक्का बसतो, नाहीतर ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणून आईलाच बोल लागतो. पोटाला डाग देण्याची रीतही आपल्या खेड्यांतून चालत आली. तापलेल्या सळईने किंवा बिब्ब्याने पोळलेल्या त्या बाळांची पोटे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ते चित्र विसरता येणार नाही. त्या आईबापांना पोराचे वाईट करायचे नव्हते. श्वास छातीत अडतो एवढेच डोळ्यांना दिसत होते; आतला पाट कुणाला दिसत नव्हता.

तो पाट कसा असतो, ते आधी समजून घेऊ. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक महारोहिणी. ती शुद्ध रक्त सगळ्या अंगाला पोहोचवते. दुसरी फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी. ती अशुद्ध रक्त फुप्फुसांत नेते, आणि तिथे त्याला हवेतला प्राणवायू मिळतो. आता आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेतून आणि नाळेतून. मग फुप्फुसांकडे एवढे रक्त नेऊन करायचे काय? म्हणून निसर्गाने या दोन वाहिन्यांना जोडणारा एक आखूड आडपाट ठेवला आहे. फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त त्या आडपाटाने परस्पर महारोहिणीत जाते.

बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते आणि फुप्फुसे हवेने फुलतात. आता आडपाटाचे काम संपले. निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळात तो आपोआप आक्रसतो आणि काही आठवड्यांत त्याची नुसती दोरी उरते. पण काही मुलांत तो उघडाच राहतो. मग प्रवाह उलटतो. महारोहिणीतला जोर मोठा असल्यामुळे तिचे रक्त आडपाटातून फुप्फुसांत घुसते. अंगाला जायचे रक्त पुन्हा फुप्फुसांतच फिरते, फुप्फुसे रक्ताने जड होतात आणि हृदयाला दुप्पट राबावे लागते. पाट लहान असेल तर मुलाला फारसे काही जाणवतही नाही. मोठा असेल तर ते दूध ओढताना थांबते, कपाळावर घाम येतो, अंग धरत नाही आणि सर्दी-खोकला छातीत उतरतो. दुखणे श्वासाचे दिसते, मूळ मात्र रक्ताच्या पाटात असते.

हा आडपाट माणसाला नवा नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याला तो ठाऊक होता. परंतु रक्त शरीरात फिरते कसे, हेच त्या काळी नीट कळलेले नव्हते. १६२८ साली विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला आणि गर्भातल्या या वाटेचाही अर्थ लावला. त्यानंतर १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक याने छाती ऐकण्याची नळी काढली. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असते, तिची ती पणजी. नळी हातात आली आणि छातीतले आवाज वेगवेगळे ओळखता येऊ लागले. १९०० साली एडिंबरोच्या जॉर्ज गिब्सन यांनी उघड्या आडपाटाचा आवाज लिहून ठेवला. सतत चालणारा, मध्ये न थांबणारा, यंत्राच्या घरघरीसारखा तो आवाज. आपल्या भाषेत सांगायचे तर लांबून ऐकू येणारी पिठाची गिरणी.

म्हणजे रोग कळला, त्याचा आवाजही कळला. पण उपाय? दारे बांधायचे तर छाती उघडायला हवी, आणि छाती उघडणे म्हणजे मरणाला बोलावणे अशी तेव्हा समजूत होती. १९०७ साली बॉस्टनच्या जॉन मन्रो या सर्जनने हा आडपाट दोऱ्याने बांधता येईल असे सांगितले. ते कुणी मनावर घेतले नाही. तीस वर्षे ती सूचना कागदावर पडून राहिली. १९३७ साली त्याच शहरात एक प्रयत्न झाला, पण तो रोगी वाचला नाही.

पुढच्या वर्षी, २६ ऑगस्ट १९३८ रोजी, बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या ३३ वर्षांच्या तरुण सर्जनने एका सात वर्षांच्या मुलीची छाती उघडली. त्याचे वरिष्ठ डॉक्टर लॅड तेव्हा परदेशी गेले होते. ग्रॉसने आडपाट शोधला आणि रेशमी दोऱ्याने बांधून टाकला. छातीतली घरघर तिथल्या तिथे थांबली. ती मुलगी वाचली, वाढली, मोठी बाई झाली. हृदयाच्या जन्मजात दोषांवर यशस्वी शस्त्रक्रिया करता येते, हे त्या एका गाठीने जगाला दाखवले.

याच ग्रॉसने सात वर्षांनी दुसऱ्या एका दोषाची गाठ सोडवली. तो दोष दुर्मिळ आहे, पण तो दमा म्हणून हमखास खपतो, तेव्हा ऐकून ठेवा. गर्भात महारोहिणीच्या कमानी सुरुवातीला दोन्ही बाजूंना असतात. पुढे एक राहते आणि दुसरी विरून जाते. क्वचित एखाद्या बाळात ती विरत नाही. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोघी त्या दोन कमानींच्या कड्यात सापडतात. गाईच्या गळ्यात वासरूपणी बांधलेले दावे गाय वाढली तरी सैल केले नाही, तर जे होईल तेच इथे होते. बाळ जन्मापासून घरघरते. दूध पिताना, पुढे घास गिळताना, घरघर वाढते. मान मागे टाकली की त्याला बरे वाटते, म्हणून ते मान मागे टाकूनच निजते. दम्याचे औषध देऊन काही उतार पडत नाही, कारण फास बाहेरून बसलेला असतो.

असल्या दुहेरी कमानीची नोंद हॉमेल नावाच्या वैद्याने १७३७ साली केली होती. परंतु ही नोंद शवविच्छेदनाच्या टेबलावरची. मूल गेल्यावर कारण कळायचे. जिवंत मुलाचा तो फास सोडवला ग्रॉसने, १९४५ साली, जेमतेम वर्षाच्या एका बाळाचा. कड्याची एक बाजू दोन ठिकाणी बांधली, मध्ये कापली आणि श्वासनलिका मोकळी केली. नोंद झाली १७३७ साली, उपाय झाला १९४५ साली. मध्ये दोनशे आठ वर्षे गेली. किती आयांनी घरघरणारे बाळ रात्र रात्र खांद्यावर घेऊन काढली असेल, याचा हिशेब कुठल्याच ग्रंथात नाही.

आता या गोष्टीला एक वळण आहे. जो आडपाट एका मुलाच्या जिवावर उठतो, तोच दुसऱ्याचा जीव राखतो. काही मुलांत फुप्फुसांकडे जाणारी वाट जन्मतःच अरुंद असते. त्यांच्या फुप्फुसांत रक्त पुरेसे जात नाही, ओठ आणि नखे निळी पडतात, थोडे चालले की ती उकिडवी बसतात. अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टाउसिग या बाई अशा मुलांना तपासत. त्यांच्या ध्यानात आले की आडपाट उघडा असेपर्यंत ही मुले तग धरतात, आणि तो मिटला की खंगतात. मग मुद्दाम नवा आडपाट काढून दिला तर? १९४४ साली २९ नोव्हेंबरला आल्फ्रेड ब्लेलॉक या सर्जनने पंधरा महिन्यांच्या एका बाळावर तसे केले.

या कामातली दोन माणसे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावीत. टाउसिगबाईंना ऐकू कमी येई. नळीने ऐकू येत नसे तेव्हा त्या बोटे छातीवर ठेवून आतली थरथर ओळखत. दुसरे व्हिव्हियन थॉमस. शस्त्रक्रियेची रीत प्रयोगशाळेत महिनोन् महिने बसवली ती थॉमसनी. त्या दिवशी ब्लेलॉकच्या मागे उभे राहून एकेक टाका कसा घ्यावा हे सांगणारेही तेच. पण ते कृष्णवर्णीय, पैशाअभावी वैद्यकीय शाळेत जाऊ न शकलेले. त्यांचे नाव तेव्हा कुठे छापले गेले नाही. विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली ती १९७६ साली. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या भूमीतल्या माणसाला थॉमसची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

बॉस्टन-बाल्टिमोरला हे चालले होते. आपल्याकडे काय होते? कोल्हापुरात टाऊन हॉलसमोर जे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय उभे आहे, त्याचे जुने नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८७५-७६ साली हिंदुस्थानात आलेल्या इंग्लंडच्या युवराजांचे हे नाव. या रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर १८८६ साली एका तरुण डॉक्टरीणबाईंची नेमणूक झाली होती. त्या डॉ. आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि अवघ्या दहा दिवसांत ते गेले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या दुःखातून ही मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतली. कोल्हापूर दरबारने त्यांना बोलावले होते. परंतु क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच, पुण्यात त्यांचा अंत झाला. कोल्हापूरची खुर्ची रिकामी राहिली. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात आयाबायांची आणि लेकरांची सेवा केली.

अवघड दुखण्याला कोल्हापूरकर मिरजेची वाट धरत. तिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले होते, आणि १८९१ पासून कोल्हापूर-मिरज रेल्वे होती. पण हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९४९ साली वेलोरला डॉ. रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग काढला. मुंबईला केईएम रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. याच सेनांनी, डॉ. जी. बी. पारुळकर यांच्यासारखे सहकारी बरोबर घेऊन, फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले. तो रोगी काही तासांतच गेला. पण मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयात असले धाडस होऊ शकते, हे लोकांनी पाहिले.

त्यानंतर वाट सोपी होत गेली. १९६७ साली बर्लिनच्या पोर्स्टमन यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून आडपाटाला बूच बसवले. आज पुष्कळ मुलांचा आडपाट याच रीतीने बंद करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा दोष जास्त आढळतो. त्यांतल्या काहींना नुसत्या औषधानेही गुण येतो. कड्याचा फास मात्र अजूनही शस्त्रानेच सोडवावा लागतो.

मग एवढे सगळे झाल्यावर अडले कुठे? अडले वेळेत. व्हिक्टर आयझेनमेंगर या वैद्याने १८९७ साली एका रोग्याची हकीकत लिहिली. त्यावरून पुढे जे कळले, ते प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. मोठ्या पाटाचे जोरकस रक्त वर्षानुवर्षे फुप्फुसांत आदळत राहिले की तिथल्या बारीक वाहिन्या जाड आणि ताठ होतात. एका मर्यादेपलीकडे त्या पुन्हा मऊ होत नाहीत. मग दारे बांधूनही उपयोग नाही. उलट अपाय होतो. तान्हेपणी जे मूल एका नळीने बरे झाले असते, तेच सोळाव्या-अठराव्या वर्षी ओठ निळे करून येते, तेव्हा कुशल सर्जनलाही हात आवरावा लागतो. शेतात पाणी तुंबले तर एक हंगाम जातो. इथे जन्म जातो.

हे दोष होतात का, तर पुष्कळदा एकच असे कारण सापडत नाही. ग्रहणाचा मात्र यात काडीचा संबंध नाही. एक कारण पक्के कळले आहे. १९४१ साली ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले की गरोदरपणी आईला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, झाला तर बाळाचे डोळे आणि हृदय यांत दोष येतात. उघडा आडपाट हा त्यांतलाच एक. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लशीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली, आणि आता ही लस बाळांना नेहमीच्या लसीकरणात मिळते. पोरीला आज टोचलेली लस तिच्या उद्याच्या बाळाचे हृदय राखते. जवळच्या नात्यातल्या लग्नांतही जन्मजात दोषांचा संभव थोडा वाढतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे.

हजार बाळे जन्मली तर त्यांतल्या साधारण आठांना हृदयाचा किंवा त्याच्या मोठ्या वाहिन्यांचा काही ना काही जन्मजात दोष असतो. म्हणजे मोठ्या गावच्या शाळेत असे मूल कधी ना कधी येणारच. इथे गुरुजींचे आणि बाईंचे काम सुरू होते. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तो अक्षरओळखीसाठी. पण त्याचा आणखी एक लाभ असा, की गावातले प्रत्येक मूल रोज एका शिकलेल्या माणसाच्या नजरेखालून जाऊ लागले.

तेव्हा नजर ठेवा. बरोबरीच्या पोरांत जे मूल अर्ध्या खेळातून बाजूला होते, धावताना थांबून उकिडवे बसते, ज्याचे ओठ-नखे निळसर दिसतात, जे वारंवार छाती भरून गैरहजर राहते, त्याला आळशी म्हणू नका. तालमीत नवा पोरगा लवकर धापला तर चांगला वस्ताद त्याला आणखी जोर काढायला लावत नाही, आधी बाजूला घेऊन विचारतो, तसेच करा. घरात आजीने आणि आईने पाहावे, की बाळ दूध ओढताना दमते का, कपाळावर घाम येतो का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का, जन्मापासून घरघर आहे का. हेही खरे, की धापणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना साधी सर्दी किंवा खराच दमा असतो. घाबरून जाऊ नये. पण ते डॉक्टरने छाती तपासून सांगावे. शेजारपाजाऱ्यांनी नव्हे, आणि तापलेल्या सळईने तर नव्हेच.

सोय आता गावाजवळ आली आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. दोष सापडला तर पुढची तपासणी आणि शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होऊ शकते. पथक येईल त्या दिवशी जे मूल गैरहजर असेल, त्याचे नाव मुद्दाम लिहून ठेवा. ज्याला तपासायला हवे, नेमके तेच त्या दिवशी घरी निजलेले असण्याचा संभव जास्त.

दारे कुठे आहे ते गेलनने पाहिले, गिब्सनने ऐकले, ग्रॉसने बांधले. ही माणसे दूरची आणि मोठी. पण त्यांच्या हातापर्यंत मूल पोहोचवणारा पहिला हात घरातला असतो, नाहीतर शाळेतला. आडपाट उघडा राहणे कुणाच्या हाती नाही. तो वेळेत ओळखणे मात्र आपल्या हाती आहे.